आमची वाटचाल : चाकाच्या बेअरिंगमधली मोकळीक

आमचे वर्कशॉप दोन भागीदारांनी एका ट्रॉली जॅकवर आणि उसन्या आणलेल्या पान्यांवर सुरू केले. ब्रेक, सस्पेन्शन, टायर, जे काम येईल ते आम्ही घेत होतो. आज आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या आणि ट्रेलर चाकांच्या बेअरिंगसाठीच येतात, आणि या बदलाची सुरुवात माझ्याच हातून झालेल्या चुकीने झाली.

पहिल्याच वर्षी एका मालवाहू गाडीच्या पुढच्या चाकांची टेपर रोलर बेअरिंग (तिरक्या रोलरांवर चाक फिरवणारी) आम्ही धुऊन, नवे ग्रीस भरून बसवली. चाक जराही हलता कामा नये, या समजुतीने मी लांब पान्याने नट आवळला आणि तो सुटू नये म्हणून भोकातून स्प्लिट पिन घातली. तिसऱ्या दिवशी गाडी परत आली, तेव्हा हबला (चाकाच्या मधल्या भागाला) हात लावता येत नव्हता. ग्रीस पातळ होऊन ऑइल सीलमधून ब्रेक लायनरवर उतरले होते आणि रोलरवर उष्णतेने निळसर झाक आली होती. सर्व भाग आम्ही स्वखर्चाने बदलून दिले. परंतु चालकाने वेळीच गाडी थांबवली नसती तर काय झाले असते, हा विचार मला बरेच दिवस छळत राहिला.

टेपर बेअरिंगचे रोलर तिरके असतात, त्यामुळे नट जितका फिरवावा तितका आतली शंकूसारखी कडी बाहेरच्या कडीत शिरते आणि मोकळीक, म्हणजे चाकाला आतबाहेर हलायला उरलेली किंचित जागा, घटते. गाडी धावू लागली की बेअरिंग तापते, पोलाद प्रसरण पावते आणि थंड असताना नेमकी वाटलेली बैठक गरम झाल्यावर आवळून धरू लागते. उलट मोकळीक जास्त राहिली तर चाक डुगडुगते, टायर वेडावाकडा झिजतो आणि डिस्क ब्रेक असल्यास डिस्कच्या हेलकाव्याने पॅड मागे ढकलले जाऊन पेडल खोल जाते.

त्यानंतर आम्ही पद्धतच बदलली. गाडीच्या पुस्तिकेत वेगळे सांगितले नसेल तर नट आवळताना चाक सतत फिरवत ठेवतो, कारण न फिरवता आवळले तर रोलर तिरपे अडकून राहतात, मधे ग्रीस दाटलेले असते आणि हाताला जाणवणारा घट्टपणा खोटा असतो. थोडे अंतर धावल्यावर रोलर जागेवर बसतात आणि चाक सैल पडते. बेअरिंग असे बसवून घेतल्यावर नट सैल सोडायचा आणि पुन्हा बोटांनी लागेल तेवढाच लावायचा. कॅसल नटची (माथ्यावर खाचा असलेल्या नटची) खाच भोकासमोर आली नाही, तर नट पुढे न रेटता जवळच्या खाचेपर्यंत मागे घ्यायचा. स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवीच.

तरीही हातावर भिस्त ठेवणे पुरेसे नव्हते. डायल गेज (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणारे मोजमापाचे साधन) घेतले तेव्हा आमच्या दोन अनुभवी कारागिरांनी एकाच हबची बैठक आळीपाळीने केली. दोघांनाही आपले काम बरोबर वाटत होते, पण हब आतबाहेर ओढताच काट्याने दोन वेगळे आकडे दाखवले. तेव्हापासून प्रत्येक चाकाची मोकळीक मोजून नोंदवहीत लिहिली जाते. आमच्याकडच्या बहुतेक टेपर बेअरिंगसाठी ती 0.025 ते 0.125 मिलिमीटर इतकी असते.

तपासणीतही घाई चालत नाही. जॅकवरचे चाक वर-खाली धरून हलवल्यावर खडखडले, तर आम्ही दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगतो. ब्रेकने हब जखडला की बेअरिंगची मोकळीक जाणवत नाही, म्हणून खडखड तरीही राहिली तर दोष बहुधा बॉल जॉइंटमध्ये (सस्पेन्शनच्या गोल सांध्यात) असतो. हे न पाहिल्याने कित्येक चांगली बेअरिंग उगाच बदलली जातात.

हल्लीच्या बहुतेक मोटारींत सीलबंद बेअरिंग असतात आणि त्यांत मोकळीक जुळवण्याची सोयच नसते. एक्सलचा नट ठरलेल्या टॉर्कला (पिळाच्या जोराला) टॉर्क रेंचने लावायचा एवढेच काम उरते. आवाज येतो म्हणून ‘नट थोडा आवळून द्या’ असा आग्रह ग्राहक धरतात, तेव्हा आम्ही नकार देतो, कारण झिजलेली रेस (बेअरिंगमधली कडी) आवळून भरून येत नाही. काही ग्राहक त्यामुळे निघून गेले, हेही खरे आहे.

टेपर बेअरिंगचे काम झाल्यावर मात्र गाडी लगेच ताब्यात देत नाही. एक फेरी मारून आणल्यावर दोन्ही बाजूंच्या हबना आधी हात जवळ नेऊन आणि मग हलकेच टेकवून ऊब ताडून पाहतो. एक बाजू जास्त तापलेली वाटली, तर ते चाक पुन्हा जॅकवर चढते.