एका ‘न’ने खाल्लेले तीन आठवडे

तुर्की शिकायला अंकाराला आले तेव्हा विभक्त्यांची धास्ती नव्हती. ‘घरात, घराला, घरातून’ म्हणत वाढलेल्या माणसाला ‘एवदे, एवे, एवदेन’ परके वाटत नाहीत. ‘एव’ म्हणजे घर, प्रत्यय मागून चिकटतो, झालं.

गाडी अडली मालकीच्या प्रत्ययापाशी. ‘एविम’ माझं घर, ‘एविमदे’ माझ्या घरात, इथवर ठीक. ‘एवी’ म्हणजे त्याचं घर, म्हणून त्याच्या घरात हे मी ‘एविदे’ लिहिलं. लाल रेघ! बरोबर रूप ‘एविन्दे’. हा ‘न’ आला कुठून, असं विचारलं तर वर्गात उत्तर मिळालं, ‘अपवाद आहे, पाठ करा.’ पुस्तकात विभक्त्यांचा तक्ता एका धड्यात, मालकीचा कितीतरी पुढे, दोन्ही एकत्र कुठेच नाहीत. त्यात ‘एविन’ म्हणजे तुझं घर, म्हणून ‘तुझ्या घरात’ हेही ‘एविन्दे’च! तीन आठवडे मी रोज वही भरून रूपं घोकली, तरी त्या पातळीची परीक्षा गेली. त्या उत्तराचा राग अजून गेलेला नाही, कारण तो अपवाद नाहीच.

उलगडा सर्वनामांत झाला. ‘ओ’ म्हणजे तो (ती आणि तेसुद्धा, तुर्कीत लिंगभेद नाही). ‘त्याला’ म्हणजे ‘ओना’, ‘त्याच्याकडून’ म्हणजे ‘ओन्दान’. ‘बू’ म्हणजे हा, त्याचं ‘बुना’. तोच ‘न’! आपल्याकडे ‘तो’ला थेट ‘ला’ लागत नाही, आधी ‘त्या’ होतो. शाळेत शिकलेलं सामान्यरूप ते हेच. तसंच तुर्कीत नामावर तिसऱ्या पुरुषाची मालकी दाखवली की विभक्तीआधी ‘न’ येतो. हे एवढं कोणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर!

जागांची नावं या सरावाला उत्तम. इस्तंबूलचा गलाता मनोरा म्हणजे ‘गलाता कुलेसी’. मनोरा नुसता ‘कुले’, पण नावात मालकीचा प्रत्यय दडलेला, म्हणून मनोऱ्यात म्हणायचं तर ‘कुलेसिन्दे’.

प्रत्ययांचा क्रम सांगायचा राहिला: आधी अनेकवचन, मग मालकी, शेवटी विभक्ती. ‘एवलेरिमदे’, माझ्या घरांत. आणि ‘एविन्दे’ तुझं की त्याचं असा घोळ होणार असेल, तर आधी ‘सेनिन’ (तुझं) किंवा ‘ओनुन’ (त्याचं) लावा. दुसऱ्या परीक्षेत मी ‘ओनुन एविन्दे’ लिहिलं आणि रेघ आली नाही.