तीन पिढ्यांची लिमलेट : आमची वाटचाल

आमच्या मालेगाव तालुक्याचे गोळीशी नाते जुने आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या रावळगावच्या कारखान्यात १९४२ पासून गोळ्या तयार होऊ लागल्या आणि पुढे रावळगाव हे नाव घरोघरी पोहोचले. आजोबांनी आमची भट्टी लावली ती त्या मोठ्या नावाच्या सावलीत. भांडवल म्हणजे एक कढई, एक लोखंडी टेबल आणि संत्र्याच्या फोडीचा साचा कोरलेले, हाताने फिरवायचे पितळी रोलर.

त्यांचा आग्रह एकच होता : गोळी तोंडात टिकली पाहिजे. पाच पैशांची गोळी घेणाऱ्या मुलाच्या खिशात दुसरे पाच पैसे नसतात, तेव्हा त्या पैशाचा पुरेपूर मोबदला त्याला मिळालाच पाहिजे, असे ते म्हणत.

गोळीचे टिकणे पाकावर ठरते. साखर आणि लिक्विड ग्लुकोज यांचा पाक सुमारे १५० अंश सेल्सियसपर्यंत चढवला की त्यात दोन-तीन टक्केच पाणी उरते आणि थंड झाल्यावर तो काचेसारखा घट्ट होतो; ग्लुकोज नसेल तर साखरेचे पुन्हा दाणे बनतात आणि गोळी भुसभुशीत होते. थर्मामीटर हाताशी असूनही आम्ही आजही पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो आणि तो दाताखाली कट्‌कन तुटला तरच कढई उतरवतो. पाक ओढून त्यात हवा भरली तर गोळी मोठी व हलकी होते, कमी मालात जास्त नग निघतात. पण ती लवकर विरघळते, शिवाय आतले बुडबुडे उघडे पडले की त्यांच्या धारदार कडा जिभेला लागतात. म्हणून लिमलेटचा पाक आम्ही ओढत नाही, टेबलावर फक्त घड्या घालून मळतो.

मी कामाला लागलो त्या पहिल्या वर्षी माझ्याच घाईमुळे मोठे नुकसान झाले. लिंबूसत्त्व पाक टेबलावर थोडा निवल्यावर घालायचे असते. ते मी उकळत्या कढईतच टाकले. आंबटपणामुळे गरम पाकातली साखर फुटते आणि अशी गोळी हवेतला ओलावा झपाट्याने ओढून घेते, हे मला ठाऊक नव्हते. पहिल्या पावसातच दुकानदारांच्या बरण्यांत गोळ्यांचा एकच गठ्ठा झाला. वडिलांनी एक शब्दही न बोलता सगळ्या बरण्या परत आणल्या, बदली माल दिला आणि तो गठ्ठा माझ्याकडूनच हातोडीने फोडून घेतला. तेव्हापासून लिंबूसत्त्व मी स्वतः घालतो.

३० जून २०११ रोजी चार आण्यांचे नाणे चलनातून बंद झाले, आठ आणेही दुकानदार घेईनासे झाले, आणि रुपयाला एक गोळी असा भाव ठरला. त्यानंतर साखर, इंधन आणि मजुरी वाढत गेली तरी रुपया रुपयाच राहिला. या व्यवसायातल्या अनेकांनी गोळी लहान केली आणि त्यांची अडचण मी समजू शकतो. आम्ही मात्र चार ग्रॅमचे वजन सोडले नाही. किलोला अडीचशे नग हा हिशेब कायम ठेवून सुट्या गोळ्यांबरोबर पाकिटेही काढली, आणि पाकिटांवरच्या नफ्यात बरणी सांभाळली. रंगाची मर्यादा दहा किलोला एक ग्रॅम आहे. आम्ही त्याच्याही आत राहतो, त्यामुळे आमची गोळी थोडी फिकट दिसते. चार वर्षांखालील मुलांना कडक गोळी देऊ नये, ती घशात अडकू शकते, हे पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापले आहे.

मागच्या वर्षी वजनकाट्यावर अडीचशेऐवजी दोनशे सत्तर गोळ्या चढू लागल्या. पाक तोच होता, हातही तेच होते. शेवटी लक्षात आले की इतक्या वर्षांच्या घासणीने पितळी रोलरवरचे कडांचे उंचवटे झिजले होते आणि फोडीचा खळगा उथळ झाला होता. जुन्या मापाबरहुकूम नवे रोलर कोरून घेतले, आणि पौषातल्या चंदनपुरीच्या यात्रेत पुन्हा चार ग्रॅमची गोळी गेली.