चुन्यातला मका

मेक्सिको सिटीतल्या तोर्तियाच्या, म्हणजे मक्याच्या पोळ्यांच्या, दुकानात आज मावशींनी पातेल्यातला एक मक्याचा दाणा उचलून बोटांत चोळला. साल अलगद सुटलं. म्हणाल्या, "हे निश्तामाल."

म्हणजे चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर भिजवलेला मका. शब्द अझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेतला: नेश्तली म्हणजे राख, तामाली म्हणजे वाफवलेला मक्याचा गोळा. राखेचं पाणीही वापरत ना पूर्वी!

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, ही रीत मात्र तिथे रुजली नाही. 18व्या शतकात स्पेन-इटलीत मक्यावरच पोट भरणाऱ्या गरिबांना पेलाग्राने, म्हणजे नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणाऱ्या आजाराने, गाठलं, कारण चुन्याशिवाय मक्यातलं नायसिन अंगी लागत नाही.

बी नेणाऱ्यांनी रांधणाऱ्या बायकांना काहीच कसं विचारलं नसेल?