तांदूळ न धुता

बुधवार. श्रावण चालू आहे म्हणजे घरात शिवराक, शुद्ध शाकाहारी जेवण, पण सोमवार नाही त्यामुळे कांद्याला परवानगी. सकाळी फोंड्याच्या बाजारात अळमी, पावसाळ्यातली रानमशरूम, दिसली, पानात बांधलेली, भाव ऐकला आणि गप पुढे गेले. तशी घेतली असती तरी अळम्यांचं तोणाक, आमची वाटपाची रस्साभाजी, सोडून दुसरं काही करणं मला पटत नाही, आज करायच्या रिसोटोला, इटलीच्या त्या दाटसर मऊ भाताला, आपले बटण मशरूम पुरे.

माईंना रिसोटोचं काही नाही, तांदूळ धुवायचा नाही हे मात्र काही केल्या पचेना. "अगो, निदान एक पाणी तरी काढ!" आता त्यांचंही बरोबरच, आपल्याकडे पाणी नितळ येईस्तोवर धुवायचं आणि शीत न् शीत मोकळं झालं की ती सुगरण. इथे सगळं उलटं, दाण्याचं जे पीठ सुटतं त्यानेच तो दाट होतो, ते मोरीत सोडून दिलं की मग क्रीम ओतत बसा, जे मूळ पद्धतीत नसतंच. उकडा तर अजिबात नको, तो सालासकट आधीच उकडलेला, पीठ सोडायला तयारच नसतो. आर्बोरिओ, रिसोटोचा इटालियन तांदूळ, पणजीत मिळतो पण महाग, म्हणून मी बहीण पुण्याहून आणते तो इंद्रायणी वापरते. चिकटपणा छान येतो, फक्त आर्बोरिओचा जाड दाणा जसा शेवटपर्यंत दाताखाली लागतो तसा हा लागत नाही, लवकर मऊ पडतो, त्यामुळे आधीपासूनच चाखत राहायचं.

एका शेगडीवर गाजर, कांदा, मशरूमचे देठ, मिरी घालून केलेला स्टॉक, गरमच ठेवायचा, गार ओतला की शिजणं मध्येच थांबतं. दुसरीवर जाड बुडाचं पातेलं. लोण्यात कांदा मऊ करायचा, लाल नाही, मग वाटीभर तांदूळ कोरडाच परतायचा, कडा पारदर्शक दिसेपर्यंत. यात कोरडी पांढरी वाईन घालतात, गोव्यात तिला काय तोटा, पण श्रावणात माईंसमोर बाटली उघडायची हिंमत कोणाची, शेवटी लिंबू पिळलं झालं. मग एकेक डाव स्टॉक, तो आटला की पुढचा, आणि ढवळणं. आर्बोरिओला सतरा-अठरा मिनिटं लागतात, हा त्याआधीच झाला.

ढवळताना हात कामात आणि डोकं रिकामं. इटलीत उत्तरेला पो नदीच्या खोऱ्यात भातशेती, तिथे बायका गुडघाभर पाण्यात वाकून तण काढायच्या, मोंदिने म्हणायचे त्यांना, आणि व्हेर्चेल्लीच्या शेतांवर त्यांनी भांडून १९०६ साली आठ तासांचा दिवस मिळवला. आमच्याकडे लावणीला वाकलेल्या बायकांचे तास कोण मोजतं.

चीजचं एक असतं, अस्सल पार्मेझानमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, दूध गोठवणारा पदार्थ, असतं, म्हणजे शिवराक घरात बादच. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून भारतात बनलेलं कडक चीज आणलंय, ते किसून आणि लोण्याचा गार तुकडा, दोन्ही गॅस बंद केल्यावर घालायचं आणि जोरात घोटायचं. परतलेले मशरूम पण तेव्हाच. डब्यातलं प्रोसेस्ड चीज नको, तार सुटते नुसती. ताट हलवलं की भात सरकत पसरला पाहिजे, ढीग होऊन बसला तर अजून एक डाव स्टॉक.

माई म्हणाल्या, "आजारी माणसाचा मऊ भात झालाय." आणि परत वाढून घेतला, वर लोणचं.

हे उशिरा आले, तोवर घट्ट गोळा, रिसोटो कोणासाठी थांबत नाही, तसाच खाल्ला त्यांनी. उरलेला फ्रिजमध्ये ठेवलाय, सकाळी चपट्या टिक्क्या करून रव्यात घोळवून तव्यावर, मुलाच्या डब्याला. रवा संपलाय का बघायला हवं.