अरुंधती आणि निळं पुस्तक

आज लेकीच्या पियानोच्या सरांनी मोझार्टच्या सोनाटांचं निळ्या कव्हरचं पुस्तक हातात दिलं. जाड, किंचित पिवळसर कागद, ठसठशीत छपाई. वर प्रकाशकाचं नाव, बेरेनरायटर.

क्लास संपेपर्यंत बाहेर बाकावर बसून त्या नावाचा अर्थ शोधला आणि अंगावर काटाच आला. बेरेनरायटर म्हणजे अस्वलावरचा स्वार. पण हे एका ताऱ्याचं नाव आहे. सप्तर्षींमधल्या वसिष्ठाला चिकटून मिणमिणणारी ती बारीक चांदणी. म्हणजे आपली अरुंधती! लग्नात भटजींनी दाखवली होती तीच.

१९२३ साली, जर्मनीत चलन कोसळून पावाला लाखो मार्क पडत होते तेव्हा, विशीतल्या कार्ल फ्योटर्लेनं आउग्सबुर्गमध्ये हे प्रकाशन काढलं. सुरुवात लोकगीतांच्या छोट्या पत्रकांपासून. पुढे १९२७ मध्ये कासेलला बस्तान हलवलं. महायुद्धात बॉम्ब पडून इमारत गेली, तरी पठ्ठ्यानं पुन्हा उभं केलं आणि पन्नाशीच्या दशकात बाख, मोझार्टची समग्र संपादनं हाती घेतली. मूळ हस्तलिखितं आणि पहिल्या छापील प्रती ताडून, नंतरच्या लोकांनी घुसडलेल्या खुणा बाजूला काढत. किती चिकाटीचं काम! १९७५ मध्ये ते गेल्यावर मुलगी बार्बरानं धुरा घेतली.

रात्री लेकीला गच्चीवर नेलं. वसिष्ठ लगेच सापडला. अरुंधती मात्र तिलाच आधी दिसली.