हार्ड डिस्क दिसंना गेली की मी आधी काय बघते

लातूरच्या आमच्या घरात राउटरच्या मागच्या यूएसबी पोर्टला दोन टीबीची एक हार्ड डिस्क कायम जोडलेली असते. घरातल्या वायफायवरून तिच्यावरचं सगळं टीव्हीवर, लॅपटॉपवर, मोबाईलवर उघडतं. सासऱ्यांना मी मामा म्हणते. औसा तालुक्यातल्या त्यांच्या गावी हरिनाम सप्ताह बसला की मामा टेपरेकॉर्डर घेऊन अगदी पुढं बसायचे. त्या कॅसेटींमधली कीर्तनं आणि भारुडं मी टेपच्या हेडफोनच्या पिनेतून लॅपटॉपमध्ये उतरवून घेतली. ती या डिस्कवर आहेत. सातबारे, फेरफार, मुलांच्या गॅदरिंगचे व्हिडिओही तिथंच. आणि जुन्या वाड्याचे थोडे फोटो. तो वाडा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात पडला, त्यामुळे ते फोटो पुन्हा कुणाला काढता येणार नाहीत. हे सगळं सांगते ते एवढ्यासाठी, की "बाई, टीव्हीवर काहीच दिसंना गेलंय बघ," असं मामा पहाटे म्हणाले की माझ्या काळजात चर्र होतं.

पण एव्हाना मला पक्कं कळलंय की डिस्क दिसत नाही म्हणजे ती गेली असं क्वचितच असतं. आमच्या ओळखीतले लोक अशा वेळी डिस्क काढून थेट दुकानात नेतात आणि काही हजारांचं डेटा रिकव्हरीचं बोलणं करून येतात. त्याआधी घरात बसून एक प्रश्न विचारायचा: कुणाला दिसत नाही, आणि कुणाला दिसतेय? टीव्हीवर कीर्तन चालू असेल आणि फक्त लॅपटॉप रुसला असेल, तर डिस्क ठणठणीत आहे, राउटरही ठीक आहे. कारण टीव्ही ज्या वाटेनं डिस्कपर्यंत जातो ती वाट वेगळी, तिला डीएलएनए म्हणतात. विंडोजचा लॅपटॉप एसएमबी नावाच्या दुसऱ्या वाटेनं जातो. एक वाट बंद पडली तरी दुसरी चालू राहते. कुणालाच दिसत नसेल तर मात्र डिस्क राउटरवरून काढून सरळ लॅपटॉपला वायरनं लावायची. तिथं उघडली की निम्मी काळजी संपली.

गेल्या दिवाळीत दिराची मुलगी पुण्याहून नवा लॅपटॉप घेऊन आली. तिला वाड्याचे फोटो हवे होते. मोबाईलवर दिसत होते, टीव्हीवर दिसत होते, तिच्या लॅपटॉपवर मात्र एक लांबलचक सूचना यायची: तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे पाहुणा म्हणून प्रवेश देता येत नाही. "काकू, लॅपटॉप माझा स्वतःचा आहे, माझी कुठली संस्था?" ती म्हणाली. तिचा प्रश्न बरोबर होता. ती सूचना मायक्रोसॉफ्टनं कंपन्यांच्या कॉम्प्युटरसाठी लिहिलेली आहे, घरच्या माणसाला तिचा काही अर्थबोध होत नाही.

खरं कारण असं. आमच्या डिस्कला पासवर्ड नव्हता, कुणीही यावं आणि उघडावं. विंडोज ११ ची २४एच२ नावाची आवृत्ती २०२४ मध्ये आली. तिच्या प्रो प्रकारात दोन गोष्टी बदलल्या. बिनपासवर्डाची पाहुण्याची जोडणी बंद झाली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक निरोपावर डिजिटल सही असलीच पाहिजे असा नियम आला. ही सही पासवर्डातूनच तयार होते, म्हणून पासवर्ड नसेल तिथं सहीच होऊ शकत नाही. मी राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन यूएसबी शेअरिंगमध्ये नाव आणि पासवर्ड ठेवला, पाहुण्याचा प्रवेश काढून टाकला, राउटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट केलं. मग तिच्या लॅपटॉपवर तेच नाव-पासवर्ड घातलं आणि फोल्डर उघडला. घरातल्या बाकीच्यांना एकदाच पासवर्ड टाकावा लागला, 'लक्षात ठेवा'वर टिक केली की पुन्हा विचारत नाही.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगते. यावरचे बरेच व्हिडिओ सांगतात की विंडोज फीचर्समध्ये जाऊन 'एसएमबी १.०' वर टिक करा, लगेच चालेल. काही वेळा चालतंही. तरी करू नका. एसएमबीचा जन्म १९८३ चा, आयबीएममधला, आणि त्याची पहिली आवृत्ती आजच्या धोक्यांसाठी बनलेलीच नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं जगभरातले कॉम्प्युटर कुलूपबंद करून खंडणी मागितली, तो याच जुन्या आवृत्तीच्या भगदाडातून शिरला होता. ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांचं काम त्यानं ठप्प केलं. त्याच वर्षीपासून मायक्रोसॉफ्टनं नव्यानं बसवलेल्या विंडोज १० मध्ये ही आवृत्ती बंद ठेवायला सुरुवात केली. एका फोल्डरसाठी ती परत उघडायची आणि त्याच लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार करायचे, हे मला पटत नाही. राउटरला एसएमबी २, म्हणजे त्यानंतरची आवृत्ती, येतच नसेल तर डिस्क त्याच्यावर ठेवू नये. एखाद्या जुन्या लॅपटॉपला ती जोडून तिथून शेअर करावी.

याच जुन्या आवृत्तीमुळे आणखी एक घोळ होतो. फाइल एक्सप्लोररमध्ये डावीकडं 'नेटवर्क' दाबलं की पूर्वी घरातली सगळी यंत्रं यादीत दिसायची. ती यादी तयार करण्याचं काम एसएमबी १ च्या आधारानं चालायचं. ते बंद झालं, तेव्हापासून अनेक राउटर यादीत येतच नाहीत. रिकामी यादी बघून माणूस म्हणतो डिस्क गायब. वरच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा मारून १९२.१६८.१.५० असा पत्ता लिहिला आणि एंटर दाबलं की आमची डिस्क समोर येते. एकदा उघडली की राइट क्लिक करून 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' करून ठेवायचं, म्हणजे पुढच्या वेळी पत्ता लिहावा लागत नाही.

हे झालं लॅपटॉपचं. आमच्याकडं खरा वैरी लाईट आहे.

उन्हाळ्यात एकदा डिस्क सारखी दिसायची आणि नाहीशी व्हायची. मी ती हातात धरून कानाला लावली. आत 'घुंऽऽ' असा आवाज चढत जायचा, एक टिक व्हायची, आवाज उतरायचा, हाताला लागणारी थरथर थांबायची. थोड्या वेळानं पुन्हा तेच. बारीक निळा दिवा प्रत्येक वेळी मंद होऊन परत लागायचा. हा आवाज ऐकला की लोकांना वाटतं डिस्कचं आतलं मोडलं. लॅपटॉपला लावून बघितली तर तीच डिस्क एका दमात सुरू झाली, टिक नाही की थरथर नाही. म्हणजे दुखणं राउटरकडून मिळणाऱ्या विजेत होतं.

हिशेब करून बघा. आमच्या राउटरच्या ॲडॉप्टरवर लिहिलेलं होतं १२ व्होल्ट, १ अँपिअर, म्हणजे सगळे मिळून १२ वॅट. त्यातच राउटर, त्याचा वायफाय आणि वर ही डिस्क. यूएसबी २ च्या पोर्टनं नियमाप्रमाणं ५०० मिलिअँपिअर द्यायचे, यूएसबी ३ नं ९००. पण आतली चकती थांबलेल्या अवस्थेतून फिरायला लागते त्या क्षणी डिस्कला एक अँपिअरच्या आसपास लागतात. ॲडॉप्टर जुना झालेला, वर दुपारी व्होल्टेज पडलेलं, तर ती उचल होत नाही. मी १२ व्होल्टचाच पण २ अँपिअरचा ॲडॉप्टर आणला. व्होल्टेज आणि पिनेची धन-ऋण दिशा तीच ठेवायची, अँपिअर जास्त असले तर चालतात, यंत्र लागेल तेवढेच ओढतं. लांब बारीक केबल फेकून डिस्कसोबत आलेली वीतभर केबल परत लावली. टिक टिक बंद. एवढ्यानं भागलं नसतं तर स्वतःच्या ॲडॉप्टरवर चालणारा यूएसबी हब मध्ये घालावा लागला असता.

दुसरं दुखणं लाईट जाऊन इन्व्हर्टरवर येते त्या क्षणाचं. दिवे नुसते लुकलुकतात, आपल्याला काही वाटत नाही. राउटर मात्र तेवढ्यात बंद होऊन परत सुरू होतो, आणि त्या वेळी डिस्कवर काही लिहिलं जात असेल तर ते अर्धवट राहतं. डिस्क एनटीएफएस असेल, म्हणजे विंडोजच्या त्या नावाच्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली असेल, तर तिच्यावर 'नीट बंद झाली नाही' अशी खूण राहते. राउटरच्या आत विंडोज नसतं, बहुतेक वेळा लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम असते. ती खूण दिसली की बरेच राउटर डिस्क फक्त वाचायला देतात, काही तर उघडतच नाहीत. जुन्या फाइली दिसतात पण नवीन काही टाकता येत नाही, अशी तक्रार असेल तर जवळजवळ नेहमी हेच असतं. डिस्क विंडोजच्या लॅपटॉपला लावायची, तिच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. ते पूर्ण होऊ द्यायचं, 'इजेक्ट' करूनच काढायची आणि परत राउटरला लावायची. त्याच वेळी विंडोज 'फॉरमॅट करायचं का' असं विचारतं कधी कधी. तिथं हो म्हणायचं नाही, कितीही घाई असली तरी.

आता आमच्या इन्व्हर्टरच्या मागचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे. त्यात लाईट बदलायला फार कमी वेळ लागतो. शिवाय राउटरपुरता मिनी यूपीएस मिळतो, तोही घेतला. नवी डिस्क फॉरमॅट करताना दुकानदार बहुतेक वेळा एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीनं करून देतात, सगळीकडं चालते म्हणून. लाईटीचा भरवसा नसलेल्या गावात कायम लावून ठेवायच्या डिस्कला मी एनटीएफएसच घेईन, कारण काय लिहायला घेतलं होतं याची ती नोंद ठेवते आणि मधेच वीज गेली तरी सावरते. एक्सफॅटमध्ये ती सोय नाही. जुनी एफएटी३२ असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल जातच नाही, लग्नाच्या व्हिडिओला लोक तिथं अडतात.

उन्हाबद्दलही सांगते. अनेक पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात आपल्याकडं बाहेरच चाळीसच्या वर असतं, आणि आमचा राउटर होता वरच्या माळ्यावर, तापलेल्या स्लॅबच्या खाली. सगळं सामान खाली आणून देवघराच्या बाहेरच्या फळीवर, हवा खेळेल असं ठेवलं. डिस्क आता वायफायच्या दांड्यांपासूनही लांब ठेवते, कारण यूएसबी ३ च्या केबलमुळं २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये गडबड होते.

माडीवर राहायला आल्यावर वेगळाच त्रास झाला. खाली फायबरवाल्यांचा डबा, वर डिस्क लावलेला आमचा राउटर, दोघांचं वायफाय वेगळं. खालचा टीव्ही डब्याच्या वायफायवर होता, म्हणून त्याला वरची डिस्क दिसेना. इंटरनेट दोन्हीकडं चालतं, त्यामुळं हे लक्षातच येत नाही. दोन राउटर म्हणजे दोन वेगळ्या वाड्या, मध्ये भिंत. वरच्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट' मोडमध्ये टाकलं, म्हणजे तो खालच्याच नेटवर्कचं वायफाय पुढं देतो, की दोन्हीचं एक घर होतं. मग फायबरच्या डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन वरच्या राउटरसाठी १९२.१६८.१.५० हा पत्ता राखून ठेवला, नाहीतर लाईट गेल्यावर पत्ता बदलतो आणि सगळ्यांच्या लॅपटॉपवरचे जोड तुटतात. पाहुण्यांसाठीचं 'गेस्ट' वायफाय असतं त्यावरूनही डिस्क दिसत नाही, ती अडवणूक मुद्दाम ठेवलेली असते आणि चांगली आहे.

वेगाची अपेक्षा मी बेताची ठेवते. राउटरचा प्रोसेसर लहान असतो, वायफायवरून कीर्तन आणि फोटो मजेत चालतात, पण गॅदरिंगचा अख्खा फोल्डर टाकायचा असेल तर मी डिस्क काढून लॅपटॉपला वायरनं लावते. टीव्ही नव्या फाइली लगेच दाखवत नाही, राउटर आधी सगळी यादी बनवतो. आमच्या टीव्हीला मराठी अक्षरं येत नाहीत, नुसते चौकोन दिसतात, म्हणून मामांच्या कीर्तनांना आकडे दिलेत आणि आकड्यांची यादी वहीत लिहून टीव्हीखाली ठेवलीय.

आणि राउटरवरची डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी घरात सगळ्यांना सांगत असते. सारखी फिरणारी, लाईटीचे धक्के खाणारी तीच एक प्रत असेल तर ती धोक्यात आहे. वाड्याचे फोटो आणि कॅसेटी दुसऱ्या एका डिस्कवर उतरवल्यात, ती कपाटात बंद असते आणि फक्त नवीन काही आलं की बाहेर निघते. तिसरी प्रत नांदेडला नणंदेकडं. राउटरवरची डिस्क लॅपटॉपला वायरनं लावून तिची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या प्रोग्रॅममध्ये अधूनमधून बघते. तिथं 'रिअलोकेटेड सेक्टर्स'चा, म्हणजे डिस्कनं खराब म्हणून बाजूला टाकलेल्या जागांचा, आकडा वाढायला लागला की नवीन डिस्क घ्यायची, वाट बघायची नाही.