कारखान्यातला फोर एटी सिक्स

रविवार, ४ मे

दुपारी चादरीच्या कारखान्यातल्या अण्णांचा फोन आला. "अगं, भंगारवाला आलाय. गोदामातला जुना कॉम्प्युटर काट्यावर ठेवायलाय. तुला पायजे म्हणाली होतीस न्हवं?" चपला अडकवल्या आणि तशीच निघाले. अक्कलकोट रोड एमआयडीसीत पोचेपर्यंत उन्हानं अंगाची लाही झाली, पण पेटी वाचली. येताना रिक्षात मॉनिटर मांडीवर होता. कॅबिनेट पायाशी, डागी मालातल्या एका चादरीत गुंडाळलेलं.

दिवे लागल्यावर गच्चीच्या खोलीत उघडलं. पत्रा सरकवला तर आत कापूस. माळ्यावर साचते तसली धूळ नव्हे, मागावरून उडालेल्या तंतूंचा थर. एसएमपीएसच्या, म्हणजे यंत्राला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पंख्यावर नमद्यासारखा बसलेला. चिमटीत धरून ओढला, तर जाळीचा ठसा घेऊन अख्खा गोल निघून आला. बहुतेक पांढरा, मधे लाल, मग निळा, पुन्हा पांढरा. ज्या रंगाच्या चादरी मागावर होत्या त्या रंगाचा थर. फेकवेना. कागदात घडी घालून ठेवलाय.

आत इंटेलचा ४८६ डीएक्स-टू प्रोसेसर, ६६ मेगाहर्ट्झ. मेमरी ८ एमबी. असल्याच यंत्रावर मी १९९६ साली शिकले, नव्या पेठेत, टायपिंग क्लासच्या माडीवर. दोघींत एक कॉम्प्युटर आणि चपला जिन्याखाली काढून ठेवायच्या. डॉसच्या काळ्या पडद्यावर कमांड टाइप करताना पोटात जो गोळा यायचा, तो आज पत्रा सरकवताना पुन्हा आला.

कीबोर्डच्या सॉकेटजवळ टॉर्च मारला आणि भीती होती तेच दिसलं. बॅटरी फुटलेली.

त्या काळच्या बऱ्याच मदरबोर्डांवर घड्याळ आणि सेटिंग जपायला निकेल-कॅडमियमची ३.६ व्होल्टची बॅटरी थेट डाग देऊन बसवलेली असायची. यंत्र वर्षानुवर्षं पडून राहिलं की ती पाझरते. आतलं अल्कली तांब्याच्या ट्रॅकवरून सरकत जातं आणि ट्रॅक खातं. माझ्याकडे आलेल्या जुन्या यंत्रांत प्रोसेसर मेलेला क्वचितच निघाला. मारते ती ही चिमुकली बॅटरी. घरात कुणाचा असा जुना कॉम्प्युटर माळ्यावर असेल तर तो चालू नाही केला तरी हरकत नाही, पण उघडा आणि बोर्डवर असली बॅटरी दिसली तर आजच कापून काढा. हे मी भेटेल त्याला सांगत असते.

बटण दाबायला हात शिवशिवत होता. दाबलं नाही.

सोमवार, ५ मे

बॅटरी कापली. कापसाच्या बोळ्यानं व्हिनेगर लावलं. हिरव्या खरपुडीवर बारीक फेस आला. जुन्या टूथब्रशनं घासलं, डिस्टिल्ड वॉटरनं धुतलं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. बोर्ड पंख्याखाली उभा करून ठेवला. लेक म्हणाली, "आई, लोणच्यासारखा वास येतोय."

बुधवार, ७ मे

आज एसएमपीएस. हा भाग मी घाईत कधीच करत नाही. २३० व्होल्ट एसीचं आत ३२५ च्या आसपास डीसी होतं, आणि प्लग काढल्यावरही वीज साठवणाऱ्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ते दडून राहू शकतं. आधी ते रेझिस्टरमधून उतरवलं, मीटरवर शून्य बघितलं, मगच बोट आत घातलं. दोन कॅपॅसिटरांची डोकी फुगलेली होती. त्यांना लागतो थंडावा आणि इथं पंख्याचं तोंड कापसानं बंद, वर सोलापूरचा उन्हाळा. दोन्ही बदलले. रिकामा एसएमपीएस तपासून उपयोग नसतो, त्याला भार लागतो, म्हणून गाडीचा बल्ब जोडला. ५ च्या जागी ५.०३, १२ च्या जागी ११.९. बल्ब स्थिर जळत राहिला. दहा मिनिटं नुसती बघत बसले.

मदरबोर्डला जाणारे दोन कनेक्टर लावताना काळ्या वायरी शेजारी शेजारी आल्या पाहिजेत. उलटे लागले तर बोर्ड जागच्या जागी जातो. अजूनही दर वेळी मी "काळ्याला काळी" असं तोंडानं म्हणतेच.

चालू केलं. पडद्यावर आधी करड्या रेषा, मग अक्षरं, मग मेमरीचा आकडा टप्प्याटप्प्यानं चढायला लागला. आणि खाली एक ओळ: कीबोर्ड एरर.

शुक्रवार, ९ मे

सलग दोन रात्री एकाच बोटभर जागेत गेल्या.

कीबोर्डचं सॉकेट बॅटरीच्या शेजारीच, म्हणजे मार तिथंच बसलेला. मीटर बीपवर ठेवून (जोड सलग असला की तो वाजतो) सॉकेटच्या एकेका पिनेपासून कीबोर्ड कंट्रोलरच्या चिपपर्यंत माग काढत गेले. क्लॉकची लाइन वाजली. डेटाची वाजेना. भिंगातून बघितलं तर ट्रॅक अख्खा दिसत होता, हिरव्या लाखेखाली सलग. ब्लेडच्या टोकानं लाख खरवडली. खाली तांबं नव्हतंच, काळी भुकटी होती. ट्रॅक होता त्याचं नुसतं चित्र उरलेलं. जिथून चकचकीत तांबं लागलं तिथं थांबले. दुसऱ्या बाजूनंही तसंच. मधलं अंतर जेमतेम १४ मिलिमीटर.

पंखा बंद करावा लागतो. वाऱ्यानं सोल्डरिंग आयर्नचं टोक निवतं आणि केसासारखी वायर जागेवर राहत नाही. रात्री अकरालाही खोली भट्टीसारखी. घाम भिंगावर पडू नये म्हणून कपाळाला टॉवेल बांधला (सोलापूरचाच, अर्थात) आणि इनॅमलची बारीक तांब्याची वायर दोन्ही टोकांना खरवडून घेतली. फ्लक्स, एक डाग, वायर झोपवली, दुसरा डाग. मीटर वाजला. त्या एका बीपसाठी मी हा छंद करते, असं म्हटलं तरी चालेल.

कीबोर्ड लागला. आता तक्रार पुढची, हार्ड डिस्क सापडत नाही.

ते अपेक्षितच होतं. बॅटरी गेली म्हणजे बायोस, यंत्राला जागं करणारा बोर्डवरचा प्रोग्रॅम, सगळं विसरला, आणि ह्या यंत्राला डिस्कची मापं, म्हणजे सिलिंडर, हेड, सेक्टर, हातानं सांगावी लागतात. डिस्कवरचं लेबल भाजून पिवळं पडलेलं, आकडे गेलेले. अंदाजानं टाकावं म्हणून पत्रा बाजूला घेतला, तर पत्र्याच्या आतल्या बाजूला एक चिकटपट्टी होती. निळ्या बॉलपेननं, ठळक, सावकाश काढलेले आकडे: ८२६ – १६ – ६३. खाली "बॅटरी गेल्यास भरणे."

गुणाकार करून बघितला. गुणिले ५१२ बाइट, म्हणजे ४२६ एमबी. बरोबर. कुणीतरी मेकॅनिक कधीतरी कारखान्यात येऊन हे लिहून गेला. आपल्यानंतर इथं दुसऱ्या कुणाचा तरी हात लागणार, हे त्यानं धरलंच होतं. मी पत्रा मांडीवर घेऊन बराच वेळ ते अक्षर बघत बसले.

रविवार, ११ मे

आकडे भरण्याआधी डिस्क बाहेर काढून लिनक्सच्या मशीनला जोडली आणि तिची पूर्ण नक्कल करून घेतली. हा माझा नेम आहे. इतकी जुनी डिस्क शेवटचं फिरणं कधी फिरेल सांगता येत नाही, म्हणून पहिलं फिरणं नकलेसाठी. तीन सेक्टर गेलेले, बाकी सगळं शाबूत.

मग अपग्रेड. इथं माझं लोकांशी पटत नाही. डीएक्स-फोर प्रोसेसर माझ्या डब्यात आहे, १०० मेगाहर्ट्झचा. पण तो ३.३ व्होल्टचा आणि हा बोर्ड फक्त ५ व्होल्ट देतो. तसाच बसवला तर जळणार, आणि रेग्युलेटर लावून बसवला तरी हे यंत्र मग कारखान्यातलं उरत नाही. कारखान्यातले पगार ह्याच ६६ वर निघायचे, ६६ च राहू दे. उद्या पुन्हा काढता येईल तेवढंच मी घालते. मेमरी १६ एमबी केली, जुनी पट्टी पुडीत बांधून कॅबिनेटमध्येच ठेवली. रोज चालवायला डिस्कच्या जागी जुन्या कॅमेऱ्यातलं ५१२ एमबीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड अॅडॉप्टरवर लावलं. ह्या बायोसला १०२४ सिलिंडरांच्या पुढे मोजता येत नाही, त्यामुळे त्याहून मोठं घेण्यात अर्थही नव्हता. मूळ डिस्क जागेवरच आहे, फक्त वायर काढलेली. तिचा तो करकर आवाज नाही, याची मात्र चुटपुट लागलीय.

बॅटरीच्या जागी तीन पेन्सिल सेल, वायरीनं लांब, कॅबिनेटच्या तळाशी. उद्या पाझरले तरी बोर्डला लागणार नाही. मधे एक डायोड घातला, वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा, कारण हा बोर्ड बॅटरीला चार्ज करायला बघतो आणि साध्या सेलला ते सोसत नाही.

संध्याकाळी अण्णा आले. फॉक्सप्रोमध्ये, म्हणजे नोंदी ठेवायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये, आठवड्याच्या पगाराची फाइल उघडून दिली. वाटलं नावं बघतील. त्यांनी नावांकडे बघितलंच नाही, माग नंबरच्या रकान्यावर बोट ठेवलं. "सतरा नंबर. ह्याचं जकार्ड सारखं अडकायचं. बघ की, त्या आठवड्यात पीस कमी हायत." जकार्ड म्हणजे मागावर बसवलेलं नक्षी विणायचं यंत्र. पीस खरंच कमी होते. मग एकवीस, मग चार. रकान्यातल्या प्रत्येक खड्ड्यामागे त्यांना कारण ठाऊक होतं: धागा, लाइट, कुणाचं लग्न, गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी. मी मधे जकार्डच्या पुठ्ठ्यांचं काढलं, भोक असलं की धागा उचलायचा, नसलं की नाही, तसंच ह्याच्याही आत चालतं म्हणून. ते म्हणाले, "मग आमच्याकडं दोन कॉम्प्युटर होते की. एक मागाच्या डोक्यावर."

जाताना म्हणाले, "ह्याच्या फ्लॉप्या हायत कपाटात. पाठवून देतो."

बुधवार, १४ मे

पत्र्यावरच्या चिकटपट्टीखाली दुसरी लावली. निळंच बॉलपेन घेतलं. बॅटरी बोर्डवरून काढली, सेल तळाशी, डेटाचा ट्रॅक वायरनं जोडला, जुनी मेमरी पुडीत. खाली तारीख.

दुपारी कारखान्यातला पोरगा फ्लॉप्यांचा डबा देऊन गेला. बावीस आहेत. काहींच्या सरकत्या पत्र्यांना गंज चढलाय, त्या बाजूला काढल्या. बाकीच्यांतली पहिली, "बोनस" लिहिलेली, हेड पुसून आत्ताच ड्राइव्हमध्ये घातली. दिवा लागलाय. वाचतोय.